शर्मिष्ठेतली उजळ रेघ

रोममधल्या सांत इग्नात्सिओ चर्चला घुमट नाही. १६२६ साली बांधकाम सुरू झालं, १६५० पर्यंत चर्च उभं राहिलं, घुमटाचा भार पेलायला चार अवाढव्य खांबही बांधून झाले. घुमट मात्र झालाच नाही. शेवटी १६८५ मध्ये आंद्रेआ पोत्सो या जेझुइट चित्रकाराने सुमारे सतरा मीटर रुंदीच्या कापडावर घुमट रंगवला आणि तो त्या रिकाम्या जागी छताला ताणून बसवला. चर्चच्या फरशीत एक गोल खूण केलेली आहे. तिथे उभं राहून वर पाहिलं की खांब, कमानी, झरोके, वरून झिरपणारा उजेड, सगळं खरं वाटतं. मी तिथे उभी राहिले आहे. दोन पावलं बाजूला सरकले तर घुमट कलंडला. आजूबाजूचे लोक छताकडे माना वर करून फोटो काढत होते आणि माझं लक्ष त्या चार खांबांकडे होतं. ज्यांच्यावर काहीच ठेवलं गेलं नाही अशा त्या खांबांवर दोनशे वर्षांनी एका पाद्र्याने दुर्बीण बसवली, आणि तिच्यातून आपल्या शर्मिष्ठेतल्या एका ताऱ्याची जी गोष्ट सुरू झाली तिच्यासाठी मी रोमला गेले होते.

त्या पाद्र्याचं नाव आंजेलो सेक्की. जन्म १८१८ चा, उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलियाचा. १८४८ च्या उठावात जेझुइटांना रोम सोडावं लागलं. सेक्की आधी इंग्लंडमधल्या स्टोनीहर्स्टला आणि तिथून अमेरिकेतल्या जॉर्जटाउनला गेले. कोलेजिओ रोमानो या जेझुइट महाविद्यालयाच्या वेधशाळेचे संचालक फ्रान्चेस्को दे विको त्याच परागंदा अवस्थेत लंडनमध्ये वारले. परत आल्यावर त्यांची जागा तिशीतल्या सेक्कींकडे आली. दुर्बिणीला सगळ्यात आधी लागतो तो न हलणारा पाया. भर शहरात तो मिळणं कठीण, पण महाविद्यालयाला लागूनच असलेल्या चर्चच्या माथ्यावर तो आयता तयार होता. १८५४ मध्ये म्युनिकच्या मेर्त्सने बनवलेली, साडेचोवीस सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण तिथे बसली.

सेक्कींचा दिवस कसा जात असेल याचा मी बरेचदा विचार करते. शहराला बारा वाजल्याची खूण वेधशाळेतून जायची आणि ती मिळाली की तोफ उडायची. हवामानाच्या नोंदी आपोआप कागदावर उतरवणारं त्यांचं यंत्र १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मोठा मान मिळवून आलं. १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून त्यांनी एक पांढरी तबकडी समुद्रात सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं. आजही धरणाच्या आणि तलावाच्या पाण्याचा गढूळपणा मोजायला 'सेक्की डिस्क' वापरतात. रात्री मात्र ते ताऱ्यांपाशी असत, आणि हाताशी असे नुकतंच जन्माला आलेलं एक साधन, वर्णपटदर्शक.

हे साधन मी आयुष्यभर हाताळलं. साताऱ्यात बीएस्सीच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवताना प्रयोगशाळेच्या टोकाची काळे पडदे लावलेली खोली हे माझं घरच होतं. सोडियमचा दिवा लावला की तो आधी गुलाबी दिसतो आणि मग हळूहळू पिवळाधम्मक होतो. समोर स्पेक्ट्रोमीटर. कॉलिमेटरची फट शक्य तितकी अरुंद करायची, प्रिझम टेबलावर नीट बसवायचा, दुर्बिणीची नळी हळूहळू फिरवत न्यायची आणि क्रॉसवायर रेषेवर आणून वर्नियर वाचायचा. घाई करणाऱ्या मुलांना रेषा अस्पष्ट दिसते. फट नीट केली की तीच रेषा कोरल्यासारखी उभी राहते. माझा सगळ्यात आवडता तास पुढचा असे. पडदा बाजूला करायचा आणि हातात धरायचा छोटा स्पेक्ट्रोस्कोप पांढऱ्या ढगाकडे करायचा, सूर्याकडे कधीही नाही. सप्तरंगी पट्टा दिसतो आणि जरा धीराने पाहिलं की त्यात बारीक काळ्या रेघा दिसू लागतात. पिवळ्यात एक, हिरव्यात काही, निळसर हिरव्यात एक ठसठशीत. वर्गातल्या एकाला ती दिसली की बाकीचे रांग मोडून पुढे येत.

योसेफ फ्राउनहोफर या भिंगं घडवणाऱ्या कारागिराने १८१४ च्या सुमारास त्या रेघा मोजून त्यांना अक्षरं दिली. निळसर हिरवी ती 'एफ'. १८५९ मध्ये हायडेलबर्गला किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी त्यांचं गूढ उकललं. तापलेला विरळ वायू स्वतः प्रकाशतो तेव्हा ठरावीक जागी उजळ रेषा देतो. त्याच्या मागे त्याहून तप्त, झगझगीत पृष्ठभाग असेल तर तोच वायू नेमक्या त्याच जागचा प्रकाश गिळतो आणि रेषा काळी दिसते. 'एफ' ही हायड्रोजनची रेषा. तारे दूर असल्यामुळे त्यांना हात लावता येणार नाही, म्हणून ते कशाचे बनले आहेत हे कधीच कळणार नाही, असं तोवर शहाणी माणसं सांगत होती. एका काचेच्या लोलकाने ते खोटं ठरवलं.

ताऱ्याचा वर्णपट पाहणं सोडियमच्या दिव्यापेक्षा फार कठीण. तारा म्हणजे एक ठिपका, त्यामुळे त्याचा वर्णपट केसासारखा बारीक धागा होतो आणि त्या धाग्यात रेघ दिसणार कशी? म्हणून नळकांड्याच्या आकाराचं भिंग वापरून धागा रुंद करायचा. रुंद केला की प्रकाश पसरून मंद होतो. दुर्बीण ताऱ्यामागे सतत फिरवत राहायची. फोटो नाही. जे दिसतं ते डोळ्यांनी पाहायचं आणि हाताने काढायचं. फ्रेंच शास्त्रज्ञ झूल जान्सन १८६२-६३ च्या हिवाळ्यात आपला वर्णपटदर्शक घेऊन रोमला आले, आणि सेक्की या कामाला लागले ते कायमचे. पुढच्या वर्षांत त्यांनी चार हजारांवर ताऱ्यांचे वर्णपट पाहिले आणि त्यांचे वर्ग पाडले. व्याधासारखे पांढरे, हायड्रोजनच्या ठळक काळ्या रेघांचे. सूर्यासारखे पिवळे, असंख्य बारीक रेघांचे. काक्षीसारखे तांबडे, खांबांची ओळ असावी तशा पट्ट्यांचे. नंतर त्यांनी आणखी दोन वर्ग जोडले. ताऱ्यांचं वर्गीकरण आज ज्या अक्षरांनी करतात ती पुढे हार्वर्डला ठरली, पण आकाशभरच्या ताऱ्यांना काही मोजक्या घराण्यांत बसवता येतं हे सेक्कींच्या त्या छतावर ठरलं.

आता १८६६ सालाकडे येते. त्या मे महिन्यात उत्तर मुकुटात एक तारा अचानक भडकला आणि काही दिवस नुसत्या डोळ्यांनी दिसला. इंग्लंडमधल्या विल्यम हगिन्सनी त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या उजळ रेषा पाहिल्या. तारा भडकला, तापलेला वायू बाहेर पडला, त्यात नवल नव्हतं. नवल पुढे तीन महिन्यांनी घडलं. शर्मिष्ठेचा एम आकार आकाशात ठळक दिसतो. त्याच्या मधल्या टोकाला गॅमा नावाचा तारा आहे. तो हजारो वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर होता, शांत, पांढरा, कधी भडकलेला नाही. त्याच्या वर्णपटात जिथे काळी 'एफ' रेषा असायला हवी तिथे सेक्कींना उजळ रेषा दिसली. २३ ऑगस्ट १८६६ च्या पत्रात त्यांनी हे जर्मनीतल्या 'आस्ट्रोनोमिशे नाखरिख्टेन' या नियतकालिकाच्या संपादकांना कळवलं आणि ते छापून आलं. वीणा मंडळातल्या बीटा ताऱ्याचा उल्लेखही त्यांनी त्याच वेळी केला.

मी ते पत्र फार मानते, कारण त्यात पाहिलेल्या गोष्टीची स्वच्छ नोंद आहे आणि त्या काळी तिचा खरा अर्थ सांगू शकेल असं कुणीही जगात नव्हतं. तारा फिरतो म्हणजे किती वेगाने हे मोजता येत नव्हतं. अणू प्रकाश कसा देतो ते माहीत नव्हतं. ताऱ्याला ऊर्जा कुठून मिळते तेही नाही. चार हजार तारे पाहणाऱ्या माणसाच्या हातून अशी विसंगत रेघ "दुर्बिणीचा दोष असेल" म्हणून सहज निसटली असती. प्रयोगवहीत न जुळणारं वाचन खोडून जुळणारं लिहिणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली. त्यांना मी सेक्कींबद्दल सांगत असे.

पुढे त्यांच्या वाट्याला वाईट दिवस आले. सप्टेंबर १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतलं, जेझुइटांच्या मालमत्ता सरकारजमा होऊ लागल्या. सेक्कींना हयातभर वेधशाळेत काम करू दिलं, आणि २६ फेब्रुवारी १८७८ रोजी ते वारल्यावर वर्षभरात वेधशाळा सरकारने ताब्यात घेतली. पण ताऱ्यावर आता इतरांचीही नजर होती. १८८० च्या दशकात हंगेरीतल्या हेरेनी इथल्या आपल्या वेधशाळेतून येने गोथार्ड यांनी दाखवलं की गॅमाच्या त्या उजळ रेषा कायम नसतात, त्या मंदावतात आणि पुन्हा येतात. मग फोटोच्या काचा आल्या आणि इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉक्यर यांनी या ताऱ्याच्या वर्णपटाचे फोटो घेऊन त्याचा अभ्यास मांडला.

लॉक्यर हे नाव आलं की महाराष्ट्रात एक गोष्ट सांगितली जाते, आणि ती नीट सांगायला हवी. विजयदुर्गला 'साहेबाचे ओटे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉक्यर यांनी तिथूनच हेलियमचा शोध लावला असं सांगून दर वर्षी तो दिवस साजरा होतो. पण १८६८ मध्ये लॉक्यर इंग्लंडातच होते. त्या ग्रहणाला गुंटूरला तळ ठोकून होते ते जान्सन, रोमला सेक्कींकडे गेलेले तेच. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या उजळ रेषा त्यांनी ग्रहणात पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही पाहिल्या. लॉक्यर यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून तेच स्वतंत्रपणे केलं. त्या रेषांतल्या एका पिवळ्या रेषेतून पुढे हेलियमची ओळख पटली. लॉक्यर विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्याच्या मातीला यामुळे काही कमीपणा येत नाही. त्या दिवशी वर्णपट वाचणारी जगातली मोठी माणसं महाराष्ट्रात होती, हेच मला मोठं वाटतं.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला दोन तळ होते. एक अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा, डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्बेल यांचा. दुसरा पुण्याचा, कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा. या पारशी प्राध्यापकाला वर्णपटाच्या कामासाठी भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी १८८२ मध्ये ५००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली, आणि त्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीच्या आवारात, १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण तिथे होती. त्या वेळी भारतातली ती सगळ्यात मोठी. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा कशाची, यावरून लॉक्यर आणि हगिन्स यांच्यात जोरदार वाद पेटला होता. नायगमवाला यांनी पुण्यातून तो वर्णपट पाहिला आणि लॉक्यर यांचं मॅग्नेशियमचं मत टिकत नाही असं १८९१ मध्ये लिहिलं. लंडनच्या दोन मातब्बरांच्या भांडणात पुण्याच्या प्राध्यापकाची नोंद!

जेऊरला नायगमवाला यांच्या तुकडीने ग्रहणाचा क्षणिक वर्णपट टिपला. चंद्राने सूर्य पूर्ण झाकण्याच्या ऐन क्षणी मागची झगझगीत तबकडी लपते, तिच्यावरचा पातळ वायूचा थर तेवढा उरतो, आणि सूर्याच्या सगळ्या काळ्या रेघा एक-दोन सेकंद एकदम उजळतात. सूर्यावर जे दोन सेकंद दिसतं ते गॅमावर वर्षानुवर्षं दिसतं. याचा अर्थ सरळ होता. त्या ताऱ्याभोवती, त्याच्या तबकडीबाहेर, कुठेतरी भरपूर प्रकाशता वायू आहे. तो तिथे आला कसा आणि टिकला कसा, हा खरा प्रश्न.

पुण्याची ती वेधशाळा १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि बंद पडली. दुर्बीण कोडईकनालला गेली. एका माणसावर उभी असलेली संस्था त्याच्याबरोबर मिटली, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. त्या चोवीस वर्षांच्या परंपरेला पुढे पन्नास वर्षं जोडली गेली असती तर पुण्याच्या नोंदी आज जगाला लागल्या असत्या. असे तारे सलग पाहावे लागतात. एका रात्रीच्या वेधातून त्यांचं काहीच कळत नाही.

गॅमाभोवतीच्या वायूच्या त्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतून आलं, पण अमेरिकेत जन्मलेल्या माणसाकडून नाही. ऑटो स्ट्रूव्ह खारकिव्हचे, चार पिढ्या खगोलशास्त्रज्ञांच्या घराण्यातले. रशियन यादवीत हरलेल्या बाजूने लढले, सैन्याबरोबर तुर्कस्तानात जाऊन पडले, पोटासाठी लाकडं तोडली. शिकागोजवळच्या यर्कीझ वेधशाळेने त्यांना बोलावून घेतलं आणि १९२१ मध्ये ते तिथे पोचले. क्रिमियातल्या सिमेइझ वेधशाळेतले ग्रिगोरी शाइन यांच्याबरोबर त्यांनी पत्रव्यवहारानेच १९२९ मध्ये एक निबंध लिहिला. तारा स्वतःभोवती वेगाने फिरत असेल तर त्याची एक कड आपल्याकडे येते आणि दुसरी लांब जाते. येणाऱ्या कडेचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, जाणाऱ्या कडेचा तांबड्याकडे, आणि रेषा रुंद पसरट होते. ती किती पसरली ते मोजा, वेग कळेल.

मोजलं तेव्हा उष्ण, निळसर पांढरे तारे भयंकर वेगाने फिरताना सापडले. आपला सूर्य साधारण पंचवीस दिवसांत एक फेरी घेतो, त्याच्या विषुववृत्तावर वेग सेकंदाला दोन किलोमीटर. शर्मिष्ठेतला गॅमा सूर्याच्या पंधरापटीच्या आसपास वस्तुमानाचा, अनेकपट रुंद, आणि तरी सव्वा दिवसात एक फेरी घेतो. सेकंदाला चारशे किलोमीटरच्या वर. पृष्ठभागाचं तापमान पंचवीस हजार अंशांच्या घरात. इतके जड तारे इंधन इतक्या हावरेपणाने जाळतात की ते दीर्घायुषी नसतातच. गॅमाचं वय एक कोटी वर्षांच्या आतलं आहे. सूर्य साडेचारशे कोटी वर्षांचा, त्यापुढे हा बाळच.

१९३१ मध्ये स्ट्रूव्ह यांनी कोडं सोडवलं. इतक्या वेगाने फिरणारा तारा गोल राहू शकत नाही, तो कमरेत फुगतो. फुगवट्यावर गुरुत्वाकर्षण जेमतेम पुरतं, आणि तिथून वायू सुटून ताऱ्याभोवती कडं तयार होतं. भर पावसात ओली छत्री दांड्याभोवती गरकन फिरवली की तिच्या कडेने पाण्याची चकती पसरते, तसं. ताऱ्याचा अतिनील प्रकाश त्या कड्यातल्या हायड्रोजनला पेटवतो आणि तो उजळ रेषा देतो. कडं आपल्याला आडवं, नुसत्या धारेने दिसलं तर रेषा दुभंगलेली दिसते, कारण एक बाजू येतेय, एक जातेय. वरून दिसलं तर एकच. वेगवेगळ्या ताऱ्यांत वेगवेगळ्या दिसणाऱ्या रेषा एकाच चित्रात बसल्या. सेक्कींच्या पत्राला पासष्ट वर्षांनी उत्तर मिळालं. आता हे चित्र थोडं सुधारलं आहे. असे बहुतेक तारे फुटायच्या मर्यादेच्या जरासे आत फिरतात आणि वायू सुटायला आणखी काही धक्का लागतो, बहुधा ताऱ्याच्या स्वतःच्या स्पंदनांचा. पण कड्याची कल्पना टिकली. १९८९ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या कालर्न पठारावर दोन दुर्बिणी जोडून गॅमाभोवतीचं ते फिरणारं आवरण प्रत्यक्ष वेगळं दाखवता आलं.

मधल्या काळात ताऱ्याने स्वतःच सगळ्यांना जागं केलं. मिशिगन विद्यापीठात राल्फ कर्टिस आणि त्यांच्यानंतर डीन मॅकलॉफ्लिन अशा ताऱ्यांवर सतत पाळत ठेवून होते, म्हणून पुढचा प्रकार तपशीलवार नोंदला गेला. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून गॅमा बदलू लागला. १९३७ मध्ये तो तेजस्वी होत होत १.६ प्रतीपर्यंत गेला (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी), शर्मिष्ठेतल्या सगळ्या ताऱ्यांना मागे टाकून. मग उतरू लागला आणि १९४० मध्ये तिसऱ्या प्रतीपर्यंत घसरला. त्या काळात ज्यांनी एम आकाराकडे रोज पाहिलं त्यांना आधी मधला तारा झळाळताना आणि मग शेजाऱ्यांपेक्षा फिका पडताना दिसला. वर्णपटही पार उलटापालटा झाला. कड्यातला वायू कधी भरपूर साठला, कधी विरून गेला, कधी ताऱ्यासमोर आला. नंतरच्या काळात तो हळूहळू पुन्हा उजळला. आज तो सव्वादोन प्रतीपेक्षा जरासा तेजस्वी असतो.

याच ताऱ्याच्या नावाशी एक दुःखद प्रसंग जोडलेला आहे. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानातल्या अंतराळवीरांना दिशा पक्की करायला ठरावीक ताऱ्यांवर यंत्र रोखावं लागे, आणि त्या यादीतल्या प्रत्येक ताऱ्याला एक क्रमांक होता. गॅमाला रूढ असं नाव नव्हतं. सराव चालू असताना गस ग्रिसम यांनी आपलं मधलं नाव इवान उलटं लिहून त्याला 'नावी' केलं. त्यांच्या दोन्ही सहकाऱ्यांच्या, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी यांच्या नावांवरूनही अशीच दोन ताऱ्यांची नावं पडली. २७ जानेवारी १९६७ रोजी फ्लोरिडात उड्डाणतळावर यानात चाचणी चालू असताना आग लागली आणि तिघेही गेले. पुढच्या अपोलो मोहिमांनी ती नावं बदलली नाहीत. यादीतला तिसरा तारा नावी, आणि चंद्राकडे जाणारी माणसं त्याच्यावर यंत्र रोखून वाट पक्की करत राहिली.

१९७६ मध्ये कळलं की गॅमातून क्ष-किरणही येतात, आणि ते नेहमीच्या उष्ण ताऱ्यांसारखे मऊ नाहीत. दहा कोटी अंशांच्या पुढे तापलेल्या वायूचे आहेत. २००० च्या सुमारास त्याला दोनशेहून काही अधिक दिवसांत फेरी घेणारा एक सोबती असल्याचं दिसलं. हे किरण कड्याच्या आणि ताऱ्याच्या चुंबकी झटापटीतून येतात की सोबत्यावर पडणाऱ्या वायूतून, यावर पुढे अनेक वर्षं वाद झाला. या वागणुकीचे आणखी तारे सापडत गेले आणि त्या सगळ्या जातीलाच या ताऱ्याचं नाव मिळालं.

मला महत्त्वाचं वाटतं ते असं की हा सगळा इतिहास नुसत्या मोठ्या दुर्बिणींचा नाही. कड्यातला वायू साठायला आणि विरायला महिने, वर्षं, दशकं लागतात. मोठ्या दुर्बिणी रात्रीचा वेळ तासांनी वाटून देतात, एका ताऱ्यासाठी चाळीस वर्षं कुणी देत नाही. म्हणून २००७ पासून पॅरिसच्या म्युदों वेधशाळेने अशा ताऱ्यांच्या वर्णपटांचा जो संग्रह चालवला आहे त्यात हौशी निरीक्षकांचे वर्णपट व्यावसायिकांच्या बरोबरीने घेतले जातात. आपल्याकडे पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, जुन्नरच्या बाजूला गिरवलीला २००६ पासून आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे, कॉलेजांच्या प्रयोगशाळांत चांगले स्पेक्ट्रोमीटर धूळ खात पडले आहेत. नायगमवाला यांच्याकडे याच्या निम्मंही नव्हतं. आता अडतं ते पाहणाऱ्या माणसापाशी आणि त्याच्या वहीपाशी.

ती वही तुम्ही सुरू करा. कार्तिक-मार्गशीर्षात रात्री आठ-नऊला उत्तरेकडे तोंड करून उभं राहा. ध्रुव क्षितिजापासून फार वर नसतो. त्याच्या बराच वर, क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या जवळजवळ मध्यावर, शर्मिष्ठेचा एम दिसेल. मधल्या खोलगट टोकाचा तारा तो गॅमा. त्याच्या शेजारचे तीन तारे मापाला घ्या. अल्फा २.२ प्रतीचा, बीटा २.३, डेल्टा २.७. गॅमा कुणापेक्षा तेजस्वी, कुणापेक्षा मंद, कुणाइतका, एवढं ठरवा आणि तारीख, वेळ, चंद्र होता की नाही, हवा कशी होती यांसह लिहा. अल्फा पिवळसर आहे, त्याच्याकडे टक लावून पाहिलं की तो आहे त्यापेक्षा तेजस्वी वाटतो, म्हणून नजर भरभर फिरवा. अमेरिकेतली १९११ पासूनची रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना अशा नोंदी जगातल्या कुणाकडूनही घेते. महिन्यातून दोनदा पाहिलं तरी चालेल, पण सोडू नका. आणि एखाद्या रात्री तो तुम्हाला डेल्टापेक्षा मंद दिसला तर विश्वास बसला नाही तरी तसंच लिहा, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला तरी कळवा.